रोज एक कार्ड काढता? मग या चुका टाळा

भविष्य बघायला वापरतात त्या टॅरोच्या चित्रपत्त्यांतलं एक कार्ड मी रोज सकाळी काढते आणि त्यावरून मनातलं वहीत लिहिते. आईच्या ऑपरेशनच्या दिवशी पहाटे कार्ड काढलं आणि 'डेथ', म्हणजे मृत्यू, निघालं. ते कॅटात परत घातलं, पुन्हा पिसलं, दुसरं काढलं. तेही आवडलं नाही. तिसऱ्यांदा 'द सन' आलं तेव्हा कॅट डब्यात ठेवला आणि हॉस्पिटलला गेले. आई बरी झाली. तिच्या बरं होण्याशी त्या तिन्हींपैकी एकाही कार्डाचा संबंध नव्हता. पण माझ्या वहीत त्या तारखेचं पान कोरं आहे. 'मला भीती वाटतेय' एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं, आणि नेमकं तेच मी चुकवलं.

मनासारखं येईपर्यंत काढत राहणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तिचं मूळ मात्र आधीच, प्रश्नातच असतं. 'आज काय होईल?' असं विचारलं की माणूस होकाराची वाट बघत बसतो. मुलाखतीला निघताना 'होईल का चांगली?' असं विचारू नका. 'कोणता प्रश्न त्यांनी विचारू नये असं मला वाटतंय?' हे विचारा, म्हणजे तयारी कुठे कच्ची आहे ते लगेच कळतं. 'सासूबाईंच्या मनात माझ्याबद्दल काय आहे?' याचं उत्तर पत्त्यांत नाही, ते त्यांच्याकडेच आहे. 'त्यांच्याशी बोलताना माझा आवाज कोणत्या विषयावर चढतो?' हे मात्र तुम्ही स्वतः सांगू शकता.

टॅरो मुळात खेळायचे पत्ते आहेत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्यांचा डाव मांडला जायचा, भविष्य सांगण्याची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. हे कळलं तेव्हा माझी भीती बरीच ओसरली.

पुस्तिका आधी उघडू नका

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतात ती चित्रं १९०९ साली लंडनमध्ये छापली गेली. पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ७८ च्या ७८ कार्डांवर बघण्यासारखं काही ना काही काढलंय. कपांच्या आणि तलवारींच्या साध्या आकड्यांच्या कार्डांवरसुद्धा माणसं, घरं, पाणी आहे. तरी आपण चित्राकडे ओझरतं बघतो आणि कॅटासोबत मिळालेल्या पुस्तिकेत अर्थ शोधायला धावतो.

'डेथ' पुन्हा नीट बघा. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे. राजा आडवा पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एक तरुणी तोंड फिरवून बसली आहे आणि शेजारचं लहान मूल मात्र सरळ समोर बघतंय. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. यातली आज मी कोण? त्या पहाटे मी तोंड फिरवणारी ती मुलगी होते. पुस्तिकेत 'परिवर्तन' एवढाच शब्द होता, त्याने मला काहीही सांगितलं नसतं.

पुस्तिकेतली वाक्यं कुणालाही लागू पडतात, हेही लक्षात असू द्या. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एकच व्यक्तिचित्र वाटलं. ते आपल्याला किती जुळतं याला मुलांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणून वहीतलं वाक्य तपासायची माझी एक पद्धत आहे: ते शेजारणीच्या वहीत तसंच्या तसं चाललं असतं तर ते अजून लिहून झालेलं नाही. कालची वेळ, जागा, माणूस त्यात आलं पाहिजे.

'सारखं तेच कार्ड येतंय!'

यात संकेत शोधण्याआधी गणित बघा. रोज कार्ड परत घालून ७८ मधून एक काढत गेलात, तर अकरा दिवसांतच एखादं कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ४० कार्डांच्या कॅटात तर आठच दिवस पुरतात. शिवाय वापरलेलं कार्ड वर ठेवून दोन-चारदा वरवर पिसलं तर ते वरच्या थरातच घोटाळतं. सगळी कार्डं पालथी चटईवर पसरा आणि मिनिटभर दोन्ही हातांनी फिरवा. चित्राचं डोकं खाली आलेली, उलटी कार्डं नको असतील तर नंतर सरळ करून घ्या, काही बिघडत नाही. कॅट भेटच मिळालेला हवा, स्वतः विकत घेऊ नये, असंही सांगतात. खुशाल घ्या.

झाडांच्या कार्डांबद्दल

टॅरोसारखीच काढायची 'ऑरॅकल' कार्डंही मिळतात. वनस्पतींच्या अशा कार्डांना टॅरोसारखा ठरलेला आकडा किंवा क्रम नसतो, त्यामुळे नवख्याला ती सोपी जातात. पण बाजारातल्या बऱ्याच कॅटांत यॅरो, हॉथॉर्न, मगवर्ट अशी झाडं असतात. जे झाड कधी हाताळलं नाही, ज्याचा वास माहीत नाही, त्याच्यापुढे बसून आपण पुस्तिकाच वाचणार. मी दोन वर्षं हेच केलं. मग एकसारख्या पाठीचे जाड कागद कापून आपल्या झाडांची कार्डं केली, आणि सकाळचा वेळ बदलला.

उंबर घ्या. क्वचित भेटणाऱ्याला आपण 'उंबराचं फूल झालास' म्हणतो. खरं तर उंबराला फुलं भरपूर येतात, फक्त ती फळासारख्या दिसणाऱ्या त्या गोल गाठीच्या आत असतात. हे कार्ड आलं की मी लिहिते: माझं कोणतं काम आतून चाललंय, जे घरच्यांना दिसत नाही? कारवी सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तिच्यापुढे माझी घाई लिहिली जाते. पारिजातक रात्री फुलतो आणि पहाटे सडा घालतो. जमलं तर कार्ड काढल्यावर खाली उतरून ते झाड बघून या, पाच मिनिटं पुरतात.

इथे एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. कार्ड म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. धोतरा आणि कण्हेर महादेवाला वाहतात, पण दोन्ही विषारी आहेत. परदेशी कॅटांतलं फॉक्सग्लव्ह हृदयाशी जोडलेलं असतं. त्याच्याच कुळातल्या झाडापासून हृदयविकारावरचं डिगॉक्सिन मिळतं, आणि तेच झाड पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. कार्ड आलं म्हणून त्या झाडाचा काढा, चूर्ण, चहा काही घेऊ नका.

कार्ड न काढता घराबाहेर पडवत नसेल, दिवसातून पाच-सहा वेळा हात डब्याकडे जात असेल, तर कॅट महिनाभर कपाटात ठेवा. तरी जीव घाबरा होत राहिला तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे बोलायला माणूस असतो.

आणि काहीच सुचलं नाही तर? तारीख, कार्डाचं नाव आणि चित्रात दिसलेल्या तीन गोष्टी लिहा. माझ्या वहीत एका पानावर 'एट ऑफ कप्स' आणि खाली 'लाल झगा, काठी, चंद्र' एवढंच आहे. दोन आठवड्यांनी त्याच पानावर मी निळ्या शाईने लिहिलंय, 'तेव्हा मी क्लास बंद करायचं ठरवत होते.'