रॉक मासिकाचं मुखपृष्ठ ५ सेकंदांत तपासा

कॉलेजच्या रॉक मासिकाचं मुखपृष्ठ मित्रांना दाखवून ‘कसं वाटतं?’ विचारलं की ‘भारी!’ एवढंच ऐकू येतं. दुरुस्ती काय करायची ते कळत नाही. त्याऐवजी असं करा:

१. ए-फोर रंगीत प्रिंट काढा. स्क्रीनवर झकास दिसणारा गडद फोटो कागदावर काळवंडतो. गिटारवरची बोटं काळ्या टी-शर्टात हरवली तर फोटो उजळा.

२. १०-१२ जणांना एकेकट्याने गाठा, निम्मे रॉक ऐकणारे, निम्मे न ऐकणारे. प्रिंट ५ सेकंद दाखवून पालथी घाला.

३. विचारा: आधी काय दिसलं? संगीत कोणतं? आतला कोणता लेख आठवतो? उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपा.

रॉक ऐकणारेच ‘हिप-हॉप’ म्हणाले तर गडबड बहुधा अक्षरवळणात नाहीतर पोशाखात असते. लेख कुणालाच आठवला नाही तर मथळे जास्त झालेत; ६ चे ३ करा. काळ्यावरची बारीक पांढरी अक्षरं ८ पॉइंटखाली नेऊ नका, शाई पसरून बुजतात.

बदलानंतर पुन्हा त्याच लोकांना दाखवू नका. त्यांना प्रश्न आधीच माहीत असतात.