खूण फाईलमध्ये की ॲपमध्ये? पीडीएफ रंगवताना या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावी मी अभ्यासिका चालवतो. पीएचडीवाले, एम.एस्सी. ॲग्रीवाले पोट्टे-पोरी फोन पुढे करून एकच रडगाणं गातात: "भाऊ, माह्या पिवळ्या रेघा कुठी गेल्या?" मी विचारतो, फाईल उघडली कुठून? उत्तर ठरलेलं. व्हॉट्सॲपवरून.

ह्या एका चुकीचा मला सगळ्यात जास्त वैताग आहे. गाइडने ग्रुपवर पेपर टाकला, बोट लावलं, जे ॲप समोर आलं त्यात उघडला आणि हायलाइटच्या रेघा सुरू. "सेव्ह होतेच ना आपोआप!" होते, पण कुठे, ते कोण बघणार? एखादं ॲप मूळ फाईलमध्येच लिहितं, एखादं आपल्या फोल्डरात वेगळी प्रत करतं, एखादं खुणा फक्त स्वतःजवळ ठेवतं.

घाटंजीकडची एक मुलगी फवारणीतल्या विषबाधेवर पीएचडी करते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तो विषय. रात्री लाईन गेली की फोनवरच वाचायची. नुसत्या रेघा नव्हत्या. अहवालातली कोणती गोष्ट कोणत्या गावच्या मुलाखतीशी जुळते, हेही तिने बाजूच्या टिपांमध्ये लिहून ठेवलं होतं. सगळं व्हॉट्सॲपच्या फोल्डरात. फोन तिचा आणि धाकट्या भावाचा मिळून एकच. एक दिवस जागा संपली. भावाने स्टोरेजमध्ये जाऊन मोठ्या फाईली निवडल्या आणि उडवल्या. "काहून डिलीट केल्या बे?" "पीडीएफच तं होत्या, पुन्हा डाउनलोड कर ना!" त्याच्या हिशोबाने तो बरोबरच होता. पेपर परत मिळालेही. टिपा नाही मिळाल्या. मुलाखतींच्या वह्या काढून तिला सगळं पुन्हा जुळवत बसावं लागलं, आणि काही टिपांमध्ये काय लिहिलं होतं ते तिला अजून आठवत नाही.

माझी सवय सांगतो. फाईल आधी आपल्या फोल्डरात उतरवायची, नाव बदलायचं, मगच उघडायची. नवं ॲप असेल तर एकच रेघ मारून फाईल बंद करायची, दुसऱ्या यंत्रावर पाठवायची आणि तिथे दुसऱ्याच ॲपमध्ये रेघ दिसते का बघायचं. दिसली तर पुढे वाचा. नाही दिसली तर ते ॲप तुमच्या कामाचं नाही, त्याला कितीही स्टार मिळालेले असोत. हे सांगितलं की पोट्टे तोंड वाकडं करतात. दोन मिनिटांचा धीर नाही आणि म्हणे संशोधन करायचं!

यामागचं कारण सोपं आहे. पीडीएफमधली रेघ पानाच्या मजकुरात मिसळत नाही, काचेवर काढल्यासारखी वर वेगळी राहते. २००८ पासून पीडीएफ हे आयएसओ मानक आहे, त्यामुळे फाईलच्या आत नीट लिहिलेली खूण बहुतेक ॲपना वाचता येते. ॲपच्या स्वतःच्या साठ्यातली खूण मात्र फाईलबरोबर जात नाही. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं ॲप मला आवडतं, पण २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात जो पीडीएफ रीडर आला, तो खुणा आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतो. फोल्डरातली फाईल उचलून गाइडला पाठवली तर त्यांना कोरी दिसेल. खुणांसकट एक्स्पोर्ट करूनच पाठवा. गुगल ड्राइव्हवर पीडीएफला दिलेल्या कॉमेंटचीही तीच गत.

दुसरी मोठी चूक म्हणजे ड्राइव्हवरची एकच फाईल दोन यंत्रांवर नेट नसताना रंगवणं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सकाळी, घरी फोनवर रात्री, आणि गावात टॉवर मर्जीचा. मग रेंज आली की कोणाची तरी प्रत कोणाला तरी गिळते, नाहीतर एकाच नावाच्या दोन फाईली तयार होतात. मी तर सरळ सांगतो: रेघा एकाच यंत्रावर, दुसऱ्यावर फक्त वाचन. जमतच नसेल तर यंत्र बदलण्याआधी सिंक पूर्ण झालं का ते डोळ्यांनी बघा. घोळ झालाच असेल तर रडत बसण्याआधी ड्राइव्हमध्ये त्या फाईलच्या जुन्या आवृत्त्या उघडा. पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात. महिना उलटून माझ्याकडे याल तर माझ्याही हाती काही नाही.

नावांचा आळस नको. शोधगंगा म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार; तिथले प्रबंध बहुधा प्रकरणवार उतरतात आणि बहुतेकांचं दुसरं प्रकरण 'चॅप्टर २' अशाच नावाने येतं. वर्ष, आडनाव, विषय, बस्स.

"रेघच येत नाही" म्हणणाऱ्यांची फाईल बहुधा स्कॅन असते. पान म्हणजे फोटो, त्यात निवडायला अक्षरंच नाहीत. आधी ओसीआर करा, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या. फाईल मराठी असेल तर भाषा मराठी निवडा, नाहीतर इंग्रजी समजून ते काहीही वाचेल. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफची गंमत वेगळी: रेघ छान बसते, पण तोच मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा काला हाती येतो. अशा ठिकाणी रेघेसोबत दोन ओळींची टीप युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा. शोधाल तेव्हा तीच सापडेल.

सात रंग वापरू नका, दोन पुरतात.

अख्खं पान पिवळं करणाऱ्यांनी वाचलेलं नसतं, फक्त रंगवलेलं असतं.

रेघेऐवजी स्क्रीनशॉट काढणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे.

आणि कोणाला पाठवण्यासाठी फाईल 'फ्लॅटन' करणार, म्हणजे रेघा-टिपा पानातच पक्क्या चिकटवणार असाल तर आधी मूळ प्रत बाजूला ठेवा. फ्लॅटन केलेल्या फाईलमधली रेघ पुसता येत नाही, टीपही बदलता येत नाही.