नोकरी, डबे, ट्रॅफिक सांभाळून घर हळूहळू कसं सजवायचं

नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन दीड वर्ष झालं तरी आमच्या हॉलमध्ये पांढरीफट्ट ट्यूब, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात न उघडलेले तीन खोके होते. दोघंही नोकरीवाले, सकाळी डबे, संध्याकाळी पुण्यातल्या सिंहगड रोडचं ट्रॅफिक, मुलीचा अभ्यास, आणि रविवार धुणं, दळण, भाजीत संपायचा. "एकदा सवडीने घर लावू" म्हणत राहिलो आणि ती सवड काही आली नाही. मग ठरवलं, एका वेळी एकच कोपरा घ्यायचा आणि तो पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. ज्या क्रमाने केलं त्याच क्रमाने सांगते, फक्त फर्निचर आम्ही आधी घेऊन बसलो, ते शेवटी हवं होतं.

१. कोपरा निवडा आणि आठवडाभर नुसतं बघा

पाहुण्यांना आधी दिसतो तो कोपरा नको, तुम्ही दमून आल्यावर जिथे टेकता तो घ्या. ऊन कधी येतं, चार्जर कुठे लागतो, किल्ल्या-चष्मा कुठे पडतात हे बघा. फोनमध्ये "घर" नावाची एक नोट करा आणि त्यात मापं लिहून ठेवा, खिडकी, भिंत, दरवाजा, आणि लिफ्टचं दारसुद्धा (हे का ते पुढे येईलच). मापं जवळ असली की ऑफिसमधून येताना एखादं दुकान दिसलं तरी काम होऊन जातं.

२. रोज १५ मिनिटं, एकच खोका

जेवणं झाली की १५ मिनिटांचा टायमर लावायचा आणि एक खोका किंवा एक ड्रॉवर. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. "बघू नंतर" म्हणून माळ्यावर काही चढवू नका, एवढं पाळा.

३. सगळ्यात आधी लाइट बदला

लोक आधी सोफा बघायला जातात, माझ्या मते पहिला खर्च उजेडावर करावा, कारण कमीत कमी पैशात घर बदललेलं त्यानेच दिसतं. एलईडी बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा असतो (के म्हणजे केल्विन), ६५०० के म्हणजे ऑफिससारखा निळसर पांढरा आणि २७०० ते ३००० के म्हणजे पिवळसर उबदार, ज्याला दुकानदार वॉर्म व्हाइट म्हणतात. स्वयंपाकघरात आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा राहू द्या, तिथे नीट दिसायला हवं. बसायच्या कोपऱ्यात मात्र छताला एक मोठा दिवा लावण्यापेक्षा डोळ्यांच्या पातळीला, बाजूला ठेवलेला ५-७ वॉटचा वॉर्म बल्ब पुरतो. मी बुरुड आळीतून बांबूची एक उभट टोपली आणली, उलटी केली, आत होल्डर बसवला, झाला लॅम्प. (त्यात एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब खूप तापतो.) पहिल्या रात्री ट्यूब बंद करून तो लावला तेव्हा टोपलीच्या विणीची जाळी भिंतीवर पडली आणि आम्ही तिघं टीव्ही न लावता तिथेच बसून राहिलो.

४. मग कापड

पडद्यांसाठी शिंप्याकडे जायच्या आधी कपाट उघडा. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद असते, मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन पडदे होतात, म्हणजे वर रॉडसाठी आणि खाली दुमडायला सोडूनसुद्धा ७ फुटी दाराला आरामात पुरतात. ४ फुटी खिडकी असेल तर दोन्ही मिळून जवळजवळ दुप्पट रुंदी मिळते, चुण्या छान पडतात. सुती साडी सगळ्यात बरी, धुता येते. माझ्या आईची एक निळी इरकली होती, पदराकडे थोडी विरलेली, तेवढा भाग काढून बाकीचा पडदा केला, सकाळचं ऊन तिच्या काठातून आलं की लाल पट्टा फरशीवर सरकत जातो. रॉड खिडकीच्या चौकटीच्या ५-६ इंच वर लावा, खिडकी उंच दिसते. उरलेल्या तुकड्याचे उशांचे अभ्रे शिवून घ्या.

५. भिंतीला घाईत भोक पाडू नका

फ्रेम आधी खाली जमिनीवर मांडून बघा, मग त्याच मापाचे पेपर कापून भिंतीला चिकटपट्टीने लावा आणि चार दिवस तसेच राहू द्या. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचावर आला की उभ्या माणसाला नीट दिसतं, सोफ्याच्या वर असेल तर फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून ६-८ इंच वर पुरे. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल अजिबात मारू नका, तिथून वायर गेलेली असते. भोकात गिट्टी (स्क्रू घट्ट धरणारा प्लग) ठोकून मगच स्क्रू. ड्रिलवाल्याला दर वेळी बोलवू नका, नोटमध्ये सगळ्या घरातली भोकं जमवा आणि एकाच शनिवारी उरकून घ्या.

रंग द्यायचा असेल तर पावसाळ्यात नको, ओल्या भिंतीवर दिलेल्या रंगाचे पापुद्रे निघतात. दिवाळीआधी पेंटर मिळत नाहीत, म्हणून भिंत वाळलेली आणि माणसं मोकळी असा काळ म्हणजे डिसेंबर-जानेवारी.

६. फर्निचर शेवटी

आम्ही हेच आधी केलं होतं. सात फुटी सोफा आवडला, ऑर्डर दिली, तो लिफ्टमध्ये मावेना, चार मजले जिन्यावरून चढवताना सोफ्याचा हात खरवडला आणि आत आल्यावर बाल्कनीचं दार अर्धंच उघडायला लागलं. म्हणून आता काहीही मोठं घ्यायच्या आधी त्याच्या लांबी-रुंदीचे वर्तमानपत्राचे कागद जमिनीवर जोडून पसरा आणि आठवडाभर त्याला वळसा घालून चाला. जायच्या वाटेला अडीच फूट आणि सोफा-टीपॉयमध्ये दीड फूट तरी मोकळं हवं. लहान स्टूल, कपाटं, पितळी भांडी यासाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा, सागवानी असेल तर पॉलिश करून वर्षानुवर्षं टिकतं.

पैशाचं म्हणाल तर आम्ही महिन्याला १५०० रुपये बाजूला ठेवतो, एखाद्या महिन्यात काही घेतलं नाही तर ते पुढे जमा. खिडकीचा कोपरा झाला, मुलीचं टेबल झालं, सध्या चपलांच्या जागेवर काम चालू आहे. पॅसेज अजून रिकामाच आहे, त्याची भिंत जानेवारीत रंगवली की तिथे काय ते बघू.