शाळेनं भेटायला बोलावलंय? आधी वही

मूल विशेष गरजा असलेलं असेल आणि शाळेकडून ‘तुमच्या मुलाला सांभाळणं आम्हाला जमत नाही, एकदा भेटून जा’ असा निरोप आला की सगळ्यात आधी वही. साधी, शंभर पानी. ‘याला लवकर न्या’ म्हणून शाळेतून आलेला प्रत्येक फोन त्यात हवा: तारीख, वेळ, कोणी केला, कारण काय दिलं. मागच्या वेळी मी जाडजूड फाईल घेऊन गेले आणि मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, “घरी कधी पाठवलं? तारीख सांगा.” एकही सांगता आली नाही. हजेरीपटावर माझा मुलगा रोज हजर! सकाळी हजेरी होते, अकराला फोन येतो.

आधार, प्रगतिपुस्तक असेलच. यूडीआयडी कार्डाची (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) झेरॉक्स द्या, मूळ नको. स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन-गणितातली अडचण) 2016च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत आहेत. एडीएचडीचं (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) वेगळं नाव तिथे नाही, म्हणून तेवढंच निदान असेल तर वर्गात नेमकं काय लागतं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या: पुढचा बाक, मधे उठून एक फेरी, सूचना फळ्यावरही. ‘सहकार्य करावे’ छापाचं पत्र फुकट जातं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 छापून न्या. आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. (शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हे चालत नाही, तिथे दिव्यांग कायदाच धरा.) शाळेला हे पाठ असतं, म्हणून ती काढत नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज तुमच्याकडून मागते. ‘तुम्हीच द्या, शेरा चांगला लिहितो.’ सही करू नका. चहा आला तरी नाही, बाई गोड बोलल्या तरी नाही.

वही घेतली ना? नवऱ्यालाही लिहायला लावा. ‘माझ्या लक्षात आहे’ म्हणतात, नसतं. मोबाईलमधले जुने कॉल आजच उतरवा, आपोआप पुसले जातात.

एकट्या जाऊ नका. मुलाला नेऊ नका, त्याच्या देखत त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात. शॅडो टीचरचा (वर्गात मुलाशेजारी बसणारी मदतनीस) विषय निघणारच, पैशाचं घरी ठरवून जा.

ठरलेलं त्याच संध्याकाळी ईमेलनं पाठवा. ऐकलं नाही तर शिक्षणाधिकारी, नंतर पुण्याचं दिव्यांग आयुक्तालय. अर्ज साधा चालेल, सोबत तारखा जोडा. वहीतल्या.