शटर दाबण्यापूर्वी: कंपोझिशनचा घरचा आणि प्रवासातला सराव

छायाचित्राची मांडणी, म्हणजेच कंपोझिशन, सहलीला गेल्यावर शिकायला घेतली तर ती साधत नाही, कारण तिथे वेळ थोडा असतो, बरोबरची मंडळी घाई करत असतात आणि डोळ्यांना सगळेच नवे असते. म्हणून सुरुवात घरातून करावी. त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे; फक्त कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड सुरू करावी. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांनी चौकटीचे नऊ भाग होतात, आणि विषय मधोमध न ठेवता या रेषा जिथे छेदतात त्यांपैकी एका बिंदूजवळ ठेवणे याला रूल ऑफ थर्ड्स म्हणतात. हे नाव कॅमेऱ्याहून जुने आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये निसर्गचित्रांची चर्चा करताना ते वापरले होते. ग्रिडचा आणखी एक उपयोग मला तितकाच मोलाचा वाटतो: क्षितिज तिरके झाले तर ते तत्काळ लक्षात येते.

आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी, सकाळच्या उन्हात, कोऱ्या चहाचा एक काचेचा ग्लास ठेवावा आणि तो न हलवता त्याची दहा छायाचित्रे काढावीत. उभ्याने काढलेल्या पहिल्या छायाचित्रात ओटा, गाळणी, साखरेचा डबा आणि नळ हे सगळे येते आणि ग्लास त्यात हरवतो. मग गुडघे वाकवून कॅमेरा ग्लासच्या उंचीवर आणावा. मागचा पसारा निघून जातो, खिडकीतले आकाश उरते आणि चहातून आरपार आलेल्या उन्हाचा तांबूस कवडसा ओट्यावर पडलेला दिसतो. हा कवडसा चौकटीच्या कोपऱ्याकडून ग्लासकडे जाईल अशी जागा शोधावी, म्हणजे नजरेला वाट दाखवणारी रेषा काय असते ते समजते. हे करताना झूम वापरू नये. एका जागी उभे राहून झूम केल्यास वस्तू मोठी दिसते, पण पुढच्या आणि मागच्या वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते तसेच राहते. ते बदलायचे तर पायच हलवावे लागतात.

शटर दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. अर्धवट कापलेले पाऊल, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा विजेचा खांब, कोपऱ्यात शिरलेली पिशवी हे दोष कडांपाशी आणि पार्श्वभूमीतच लपलेले असतात. बसथांब्यावर, रेल्वेच्या फलाटावर किंवा भाजीबाजारात ही सवय रोज पाच मिनिटे केली तरी महिनाभरात ती अंगवळणी पडते. अनोळखी माणसाचे छायाचित्र जवळून काढायचे असेल, तर आधी त्याची परवानगी मात्र घ्यावी.

प्रवासात हाच सराव कसा उपयोगी पडतो ते वाईजवळच्या मेणवलीत चांगले कळते. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा दगडी घाट आहे. बहुतेक जण वरून सगळा घाट एकदम टिपतात आणि पायऱ्यांची लय सपाट होऊन जाते. त्याऐवजी खाली उतरून एका टोकाशी बसावे, कॅमेरा पायरीपासून हातभर उंचीवर धरावा आणि पायऱ्यांच्या कडा नदीकडे नजर नेतील असे पाहावे. कुणी पाण्याशी येईपर्यंत थांबावे. एक माणूस आला की त्या दगडांचा आकार कळतो. तिथेच वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटा आहे. तिच्यासाठी मात्र जवळ जावे आणि सभोवतालचे बांधकामच चौकट म्हणून वापरावे.

मधोमध ठेवण्याचाही प्रसंग येतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यासमोर कारंज्यांची लांब सरळ रांग आहे. तिथे त्या रांगेच्या अगदी मध्यरेषेवर उभे राहावे, कारण पाऊलभर सरकले तरी दोन्ही बाजूंच्या मिनारांचा तोल बिघडतो.

मुक्कामी परतल्यावर दिवसभराची छायाचित्रे क्रॉप करून पाहावीत आणि बहुतेकांची कोणती बाजू कापावी लागली ते वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वेळी त्याच कडेपासून तपासणी सुरू करावी.