शेजारच्या गटातला मुरूम उपसा असा थांबवला

आमच्या बांधाला लागून जेसीबीने मुरूम काढणं सुरू झालं. बांध ढासळायला लागला, पलीकडे विहीर. गावात सगळे म्हणाले, ग्रामपंचायतीत ठराव करू. करा, पण मुरमासारख्या गौण खनिजाचा परवाना महसूल खात्याच्या हातात असतो. (अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात पेसा कायद्यामुळे ग्रामसभेची शिफारस आधी लागते, आमचं गाव त्यात नाही.)

म्हणून माहिती अधिकारात परवान्याची प्रत मागवली. खरा उपयोग तिचाच झाला. परवाना होता, पण दुसऱ्याच गट नंबरचा! मग तहसीलदारांकडे लेखी तक्रार: सातबारा, गटनकाशा, तारखेसह फोटो, पोचवर शिक्का. अर्जात जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ४८(७) लिहिलं. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. नुसतं ‘अन्याय होतोय’ लिहिलेले अर्ज पडून राहतात, असं माझं मत.

तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा टेप घेऊन हजर राहिलो. लांबी, रुंदी, खोलीवरून ब्रास काढतात (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास). खड्ड्यात पाणी साचलं की खोलीवरून वाद होतात. उपसा थांबला, दंडाची नोटीस निघाली. तो दंड सरकारजमा होतो, बांधाची भरपाई त्यात नाही. आता भूमी अभिलेखकडे हद्दीच्या मोजणीचा अर्ज टाकलाय.