इंग्लंडला येताय? औषधांची पिशवी आधी उघडा

नाशिकहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत चिवडा असतो आणि औषधांची एक पिशवी. चिवड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आपल्याला औषध ब्रँडनं पाठ असतं: थायरोनॉर्म, ग्लायकोमेट, टेल्मा. इथल्या फार्मासिस्टला त्यातलं काही कळत नाही. त्याला लागतं स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेलं मूळ नाव, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन. दवाखाना गंगापूर रोडला असो की पंचवटीत, निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर मूळ नाव, मिलिग्रॅम आणि गोळी कशासाठी चालू आहे, एवढं टाईप करून आणा. हातानं लिहिलेलं नको, ते फक्त खालच्या मेडिकलवाल्यालाच वाचता येतं. अल्प्राझोलाम (घबराटीची गोळी), ट्रामाडॉल (दुखण्याची) वगैरे चालू असेल तर पत्राशिवाय निघूच नका. ती इथे नियंत्रित औषधं आहेत, साठाही तीन महिन्यांच्या आतलाच ठेवा.

आता पॅरासिटामॉल. हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते आणि प्रत्येक जण ‘हो ताई, माहितीये’ म्हणतो. इथली गोळी ५०० मिलिग्रॅमची. पाकिटावर लिहिलेलं असतं की एका वेळी एक किंवा दोन, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. म्हणजे २४ तासांत ४ ग्रॅम, ही मोठ्या माणसाची मर्यादा. आपले लोक तो हिशेब वाचतात आणि बॅगेतल्या डोलो ६५० ला, म्हणजे ६५० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलला लावतात. दोन-दोन करून आठ गोळ्या झाल्या की ५.२ ग्रॅम. त्यात अंग दुखतंय म्हणून कॉम्बिफ्लाम, ज्यात आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल आहेच. वर सुपरमार्केटातून आणलेली, गरम पाण्यात घालायची सर्दीची पुडी. तिच्यातही तेच, कित्येकदा एका पुडीत पूर्ण १ ग्रॅम. नावं तीन, औषध एकच, आणि मार सगळा लिव्हरवर. वाईट म्हणजे पहिला दिवस माणूस ठणठणीत असतो, त्रास नंतर सुरू होतो. म्हणून जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं तर बरं वाटत असलं तरी थेट ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठा. सुपरमार्केटातलं पाकीट १६ गोळ्यांचंच का, असं विचारतात. १९९८ पासून इथे तसा नियमच आहे, आणि तो जास्त गोळ्या एकदम पोटात जाऊ नयेत म्हणून.

डॉक्टरसमोर मोठे शब्द वापरू नका, तेही वापरत नाहीत. ‘लूज मोशन’ त्यांना कळेलच असं नाही; डायरिया म्हणा, किंवा सरळ पातळ होतंय आणि किती वेळा ते सांगा. बॉवेल्स विचारलं तर शौचाबद्दल, वॉटरवर्क्स म्हटलं तर लघवीबद्दल. ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणण्यापेक्षा छातीत जळजळतंय म्हणा. सगळ्यात जास्त गोंधळ ‘हॅव यू बीन सिक?’ या प्रश्नाचा. त्यात आजारी आहात का हे नाही, उलटी झाली का हे विचारलेलं असतं. तापानं फणफणलेला आपला माणूस ‘येस, थ्री डेज’ म्हणतो आणि तीन दिवस उलट्या अशी नोंद होते. ‘सर्जरीतून फोन आला’ म्हणजे जीपीच्या (आपल्या फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यातून, घाबरायचं नाही. क्रॉनिक म्हणजे भयंकर नाही, जुनाट; अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक उठलेलं. सोनोग्राफीला अल्ट्रासाउंड म्हणतात. सर्जनच्या नावाआधी डॉक्टरऐवजी मिस्टर दिसलं तर तो कमी शिकलेला नसतो, इथली रीतच तशी.

रिपोर्टचे आकडे वेगळ्या मापात येतात. आपल्या शुगरला १८ नं भागा: १२६ म्हणजे इथले ७, १८० म्हणजे १०. शुगर ७ आली म्हणून घाबरून साखर खाऊ नका. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आपल्याकडे ७ टक्के असेल तर इथे ५३ लिहून येईल. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १ असेल तर ८८. तो ८८ बघून रात्री दोन वाजता नाशिकला फोन लावणारे मी पाहिलेत. ताप सेल्सिअसमध्ये, ३८ म्हणजे आपला १००.४. बीपी तेवढं तिथे तसंच इथे.

‘इथे पॅरासिटामॉलशिवाय काही देत नाहीत’ ही आपल्या ग्रुपवरची कायमची रड. अपॉइंटमेंटसाठी ताटकळावं लागतं, ते खरंच आहे, त्याचा मलाही संताप येतो. पण सर्दी-फ्लू विषाणूंमुळे होतो आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. पहिल्याच दिवशी अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लिहिलं म्हणजे डॉक्टर हुशार, ही सवय आपल्याला घरून लागलेली. आणि ग्रुपवर ‘कुणाकडे स्ट्रिप आहे का’ विचारलं की अर्ध्या तासात तीन जण दारात येतात. एरवी विमानतळावर न्यायला यातलं कुणी फिरकत नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागा, पैसे पडत नाहीत. थायरॉइड कमी असल्यामुळे किंवा डायबिटीससाठी औषध चालू असेल, तर इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या सगळ्याच औषधांचे पैसे माफ असतात. त्यासाठी एफपी९२ए नावाचा फॉर्म लागतो, तो दवाखान्यातच मिळतो. आपणहून कुणी देत नाही, काउंटरवर मागावा लागतो.